मुक्त वादनाचा बँड मुंबईत कसा उभा करावा

गाणे ठरलेले नाही, सूर ठरलेला नाही, लय ठरलेली नाही आणि कोण केव्हा वाजवणार हेही ठरलेले नाही, अशा अवस्थेत तीन-चार वादकांनी श्रोत्यांसमोर बसून अर्ध्या-पाऊण तासाचे संगीत जागच्या जागी घडवणे म्हणजे मुक्त वादन. रॉक किंवा जॅझ वाजवणाऱ्या अनेक तरुणांना त्याची ओढ वाटते, आणि त्यांतले बरेच जण काही वेळा एकत्र जमून, भरपूर आवाज करून, पुन्हा आपापल्या गाण्यांकडे परततात. प्रतिभा कमी पडते म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा व्यवस्था कमी पडते. मुक्त वादनात मोकळा असतो तो फक्त नाद. माणसे, वार, खोली, आवाजाची पातळी, ध्वनिमुद्रण, पैसा आणि हक्क हे सारे आधी पक्के ठरलेले असेल, तरच वाजवताना लक्ष त्या नादापाशी टिकते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः या ठरवण्याविषयी आहे.

या संगीताच्या इतिहासातही ठरवण्याला मोठी जागा आहे. पियानोवादक लेनी ट्रिस्टानो यांनी १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या सहकाऱ्यांसह दोन मुक्त रचना ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा चाल, स्वर, ठेका यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. मात्र कोणी कोणत्या क्रमाने आणि साधारण किती अंतराने शिरायचे, एवढे ठरलेले होते. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी डिसेंबर १९६० मध्ये चार-चार वादकांचे दोन संच एकत्र आणून सुमारे ३७ मिनिटांचे सलग वादन केले, आणि त्या तबकडीच्या नावावरूनच ‘फ्री जॅझ’ हे नाव रूढ झाले. त्यातही एका वादकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाजवायचे छोटे लिहिलेले तुकडे होते, आणि स्टिरिओमध्ये एक संच डाव्या तर दुसरा उजव्या बाजूला ठेवलेला होता. म्हणजे नाद मोकळा सोडता यावा म्हणून त्याच्या कडा या लोकांनी विचारपूर्वक आखून घेतल्या होत्या.

माणसे

सुरुवात तीन किंवा चार जणांनी करावी. दोघांतला संवाद सोपा असतो, पण एक थांबला की दुसरा एकटा पडतो आणि वाजवतच राहतो. तिघांत कोणी थांबले तरी उरलेले दोघे संगीत पुढे नेतात. संख्या वाढली की ऐकण्याचा भार फार झपाट्याने वाढतो, हे साध्या हिशेबाने कळते: तिघांत एकमेकांना ऐकणाऱ्या जोड्या तीन होतात, चौघांत सहा आणि सात जण बसले की एकवीस. एवढ्या जोड्यांचे भान नवख्या कानाला राहत नाही, आणि मग प्रत्येक जण स्वतःपुरता वाजवू लागतो. सात-आठ जणांचा संच करायचाच असेल, तर अमेरिकी संगीतकार बुच मॉरिस यांनी १९८५ पासून विकसित केलेल्या पद्धतीप्रमाणे एकाने समोर उभे राहून हाताच्या ठरलेल्या खुणांनी वादन घडवावे. पण ती वेगळी विद्या आहे आणि तिची तालीमही वेगळी आहे.

ड्रम, बास, गिटार आणि सॅक्सोफोन असा ठरलेला संच हवाच असे नाही. दोन बास गिटार आणि एक बासरी यांचाही उत्तम बँड होऊ शकतो. पाहायच्या त्या माणसाच्या सवयी. रॉकमधून आलेल्या वादकाचे बळ नादाच्या पोतात असते: ॲम्पचा फीडबॅक (ॲम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारा लांब नाद) कुठे उभे राहिले की धरतो आणि कुठे सुटतो, गिटारचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की डिस्टॉर्शन कसे विरळ होते, हे त्याच्या अंगात असते. त्याची खोड अशी की एकदा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा छोटा तुकडा, सापडला की तो सोडवत नाही. जॅझमधून आलेल्या वादकाचे बळ प्रतिसादाच्या वेगात असते, परंतु मोकळी जागा दिसली की ती आपल्या सोलोची पाळी आहे असे तो धरून चालतो, आणि बाकीचे नकळत साथीला बसतात. दोन्ही प्रकारचे वादक एकाच बँडमध्ये असणे मला फार मोलाचे वाटते, कारण एकाची खोड दुसऱ्याला लगेच दिसते आणि ती सांगताही येते.

आपल्याकडे आणखी एक वादक सहज भेटतो, तो म्हणजे हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेला. आलापातली बढत ज्याने वर्षानुवर्षे केली आहे, त्याला एका स्वरापाशी थांबून राहण्याचे भय नसते, आणि ही फार मोठी शिदोरी आहे. अडचण येते ती समेची. त्याचा हात समेकडे ओढला जातो, तिहाई घेऊन जागा बंद करावी असे त्याला मनापासून वाटते, आणि ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याचीही मान त्याच क्षणाची वाट पाहत असते. तबलावादकाला सुरुवातीचे काही आठवडे ठेका न धरण्यास सांगावे. डग्ग्याची घसीट, चाटेवरचा कोरडा आघात, शाईवर बोट दाबून धरलेला बंद बोल, असे सुटे नादच वापरावेत. ठेका कायमचा वर्ज्य आहे असे मुळीच नाही. तो पुढे केव्हातरी आपण होऊन आला तर यावा, सवयीने येऊ नये.

नव्या माणसाला पारखताना तो किती वेगाने वाजवतो हे पाहण्याची गरज नाही. दहा मिनिटांच्या वादनात हातात वाद्य धरून तो किती वेळ स्वस्थ बसू शकतो, आणि बसलेला असताना त्याचे लक्ष बाकीच्यांकडे असते की पायाशी असलेल्या आपल्या इफेक्ट पेडलांकडे, हे पाहावे.

वार, खोली आणि आवाज

मुंबईत जॅम रूम, म्हणजे बँडच्या तालमीच्या खोल्या, तासाच्या भाड्याने मिळतात, आणि त्यामुळे वेळेचा विचार आधी करावा लागतो. दोन तासांच्या भाड्यातली वीस-पंचवीस मिनिटे केबल, ॲम्प आणि ड्रमकिट लावण्यात जातात, शेवटची दहा-पंधरा आवरण्यात जातात, आणि ज्या वेळी कान खरोखर उघडलेले असतात नेमके त्याच वेळी पुढचा बँड दारावर टकटक करतो. म्हणून आठवड्यातून दोनदा दोन तास घेण्यापेक्षा एकदाच तीन तास घ्यावेत. कामाच्या दिवशी दुपारी बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. महिन्याभराचे एकत्र बोलणे केले तर दरात सवलत मिळण्याची शक्यताही असते.

खोली कोणत्या भागात घ्यावी, याचा निर्णय भाड्याइतकाच रेल्वेच्या नकाशावर ठरतो. एक वादक विरारला, दुसरा डोंबिवलीला आणि तिसरा वाशीला राहत असेल, तर अंधेरीतली उत्तम खोलीही काही महिन्यांत बँड मोडायला पुरेशी ठरते. कोणालाही एकापेक्षा अधिक वेळा गाडी बदलावी लागू नये, अशी जागा शोधावी. दादर, माटुंगा, कुर्ला या पट्ट्यातली साधी खोली पुष्कळदा चांगली. सिंबलची बॅग आणि पेडलबोर्ड घेऊन सकाळच्या गर्दीत साध्या डब्यात शिरण्याचा प्रयत्न करू नये. गर्दीची वेळ टाळावी. वार मात्र एकदा ठरला की हलवू नये. एक जण येणार नसेल तरी बाकीच्यांनी जमावे आणि तेवढ्याच माणसांत वाजवावे, कारण या संगीतात कोणाचीही जागा रिकामी म्हणून अडत नाही.

आवाजाची पातळी हा विषय बहुतेक बँड टाळतात आणि नंतर त्यावरूनच भांडतात. पद्धत सोपी आहे. संचातले सर्वांत हळू वाद्य कोणते ते पाहावे, त्या वादकाला त्याच्या सर्वांत हलक्या आवाजात वाजवायला सांगावे, आणि तो नाद ज्या पातळीवर सर्वांना स्पष्ट ऐकू येईल ती प्रत्येकाने आपली पायाभूत पातळी मानावी. वर जायला मोकळीक आहे, पण परत येण्याची जागा ही. गिटारचा ॲम्प जमिनीवर पायांकडे रोखलेला असेल तर वाजवणाऱ्याला तो कमी ऐकू येतो आणि समोरच्याला जास्त; तो खुर्चीवर ठेवून थोडा कलता करावा, म्हणजे त्याचा आवाज वादकाच्याच कानाशी येतो आणि नॉब आपोआप खाली येतो.

कानांची काळजी घेणे हीसुद्धा तालमीचाच भाग आहे. बंद खोलीत ड्रमकिटच्या शेजारी आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि कामाच्या जागी ऐकण्याच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतील निओश ही संस्था जो हिशेब देते त्यानुसार ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा असून पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. वादकांसाठीचे इअरप्लग सर्व पट्ट्यांतला आवाज जवळपास सारखाच खाली आणतात. ते पहिल्या महिन्यातच घ्यावेत. घरी सोसायटीत सराव करायचा असेल तर ड्रमवादकाने ब्रश आणि मॅलेट (टोकाला मऊ गोळा असलेल्या काठ्या) वापरावेत, बाकीच्यांनी ॲम्प न लावता वाजवावे. अशा हळू आवाजाच्या बैठका मी फार उपयुक्त मानतो, कारण तिथे ताकदीच्या आड लपता येत नाही.

तालीम कशाची करावी

जे आधी ठरवायचेच नाही त्याची तालीम कशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ऐकण्याची, थांबण्याची आणि संपवण्याची तालीम होऊ शकते, आणि ती रागाच्या पलट्यांइतकीच नेटाने करावी लागते.

ब्रिटिश ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांनी लंडनमध्ये १९६० च्या दशकापासून सामूहिक वादनासाठी जे अभ्यास घडवले, त्यांतले दोन आजही सुरुवातीला सर्वोत्तम आहेत. पहिल्यात प्रत्येकाने आपल्या वाद्यावर शक्य तितका आखूड नाद काढायचा: स्नेअरच्या कडेवर काठीचे टोक, डाव्या हाताने तार दाबून उजव्याने मारलेली टिचकी, सॅक्सोफोनमध्ये फुंकर न घालता केवळ बटण आपटल्याचा आवाज. तो पुन्हा पुन्हा, कोणत्याही समान गतीत न अडकता काढत राहायचे आणि स्वतःच्या नादाकडे नव्हे तर सर्वांच्या नादांतून जी वीण तयार होते तिच्याकडे लक्ष द्यायचे. दुसऱ्यात उलट, एका श्वासाएवढा लांब स्वर हळू आवाजात धरायचा, श्वास संपला की थांबायचे, पूर्ण श्वास घ्यायचा आणि मग दुसरा स्वर. गिटार आणि बास वाजवणाऱ्यांनीही आपल्या श्वासानेच लांबी मोजावी. ड्रमवादकाने सिंबलच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढावा किंवा मॅलेटने हलका रोल धरावा. दहा-दहा मिनिटे हे दोन अभ्यास केल्यावर खोलीतली माणसे बदललेली असतात, आणि त्यानंतरचे मुक्त वादन ऐकले की फरक लगेच कळतो.

यानंतर जोड्यांचा अभ्यास. चौघांतले दोघे तीन मिनिटे वाजवतात, बाकीचे ऐकतात. मग एक बदलतो, दुसरा तोच राहतो. सगळ्या सहा जोड्या झाल्या की कोणत्या दोघांत संवाद होतो आणि कोणत्या दोघांत केवळ शेजार आहे, हे न बोलता उघड होते. ज्या जोडीत शेजार आहे तिने पुढचे काही आठवडे अधिक वाजवावे.

संपवण्याला मी सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरेन. सुरुवात कशीही झाली तरी सावरता येते. शेवट चुकला की आधीची वीस मिनिटे श्रोत्याच्या मनात विस्कटतात. अभ्यास असा: तीन मिनिटांच्या आसपासचे तुकडे वाजवायचे, घड्याळ पाहायचे नाही, मान हलवायची नाही, डोळ्यांनी खुणावायचे नाही, आणि सर्वांनी मिळून संपवायचे. शेवटच्या नादानंतर दहा सेकंद कोणीही हलायचे नाही. सुरुवातीला प्रत्येक तुकड्याला तीन-चार शेवट होतात, म्हणजे संगीत थांबते, कोणाला तरी राहवत नाही, तो एक सूर घालतो, मग त्या सुरामागे दुसरा धावतो. असा सूर आलाच, तर त्याला शेपूट समजून झटकू नये. तो खरा मानावा आणि त्यातून नवा भाग सुरू करावा, नाहीतर तो एकटाच ऐकत राहावा आणि विरू द्यावा. शेवटाचे प्रकारही ओळखून ठेवावेत. कधी सर्व जण एकदम तुटतात, कधी एकेक जण गळत जाऊन एकच उरतो, कधी बराच आधी येऊन गेलेला नाद परत येतो आणि त्याच्यापाशी सर्व थांबतात. बँड नेहमी हळूहळू विरतच संपत असेल, तर तेवढ्यापुरते विरणे वर्ज्य करून एकदम तुटण्याचीच तालीम करावी.

सापळे प्रत्येक बँडचे वेगळे असले तरी दोन जवळजवळ सर्वांना लागतात. एकाने आवाज वाढवला की सगळे वाढवतात. पाचव्या मिनिटाला शिखर गाठले जाते आणि पुढे जायला जागा उरत नाही. त्यावर नियम असा करावा की कोणी चढू लागला तर निदान एकाने आहे तिथेच राहायचे. त्या एकाच्या स्थिरपणामुळे बाकीच्यांची चढण श्रोत्याला दिसते. दुसरा सापळा नकलेचा आहे. गिटारने एक आकृती वाजवली, लगेच सॅक्सोफोनने तीच उचलली, मग बासने. जुगलबंदीतल्या सवाल-जवाबावर वाढलेल्या आपल्या कानाला हे गोड लागते, पण चार मिनिटांत संगीत बाळबोध होते. प्रत्येक हाकेला ओ देण्याची गरज नसते. जवळ जाणे, विरुद्ध जाणे आणि आपल्या जागी राहणे हे तिन्ही प्रतिसादच आहेत, आणि तिसरा सर्वांत कमी वापरला जातो.

ठेका आपोआप जमला तर काय करावे, यावर बँडमध्ये मतभेद होतील. काही जण तो लगेच मोडतात. मला ते घाबरटपणाचे वाटते. रॉकमधून आलेल्या बँडने ठेक्याला लाजू नये. मात्र तो जमल्यावर निदान एकाने त्याच्या बाहेर राहावे.

ध्वनिमुद्रण आणि ऐकण्याची बैठक

प्रत्येक तालीम मुद्रित करावी, अपवाद ठेवू नये. दोन माइक असलेला एक साधा हातातला रेकॉर्डर पुरतो. तो भिंतीला चिकटवून किंवा ड्रमसमोर ठेवू नये. खोलीच्या मध्याजवळ, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, स्टँडला लावावा, आणि सर्वांत मोठ्या आवाजाला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते माप, ठेवावा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या मापाने स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी जागा घेते, त्यामुळे कार्डाची चिंता करण्याचे कारण नाही. फाइलच्या नावात तारीख आणि हजर वादकांची आद्याक्षरे त्याच दिवशी घालावीत. महिन्याने कोणालाही काहीही आठवत नाही.

ऐकण्याची बैठक वेगळ्या दिवशी ठेवावी. वाजवल्या वाजवल्या ऐकले तर माणूस आपल्या मनातले ऐकतो, रेकॉर्डरवरचे नाही. बोलताना ‘मस्त’, ‘बोअर’ अशा शब्दांना बंदी असावी आणि मिनिट-सेकंद सांगूनच बोलावे. अशा बैठकीतला संवाद साधारण असा चालतो:

“चौदाव्या मिनिटाला तू एकदम थांबलास, का रे?”

“स्नेअरवर तू तो बारीक थरथरता आवाज काढत होतास. तो मला ऐकायचा होता.”

“मी तेव्हा स्नेअरला हातही लावला नव्हता.”

पुन्हा लावून ऐकल्यावर लक्षात येते की बासचा एक खालचा स्वर वाजला की स्नेअरच्या खालच्या तारा आपोआप थरथरत होत्या. गाण्यांच्या बँडमध्ये हा दोष म्हणून खटका खाली करून तारा सोडून दिल्या जातात. इथे ड्रमवादकाने तो खटका कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे हातात ठेवले, तर न वाजवता वाजणारे एक वाद्य बँडला मिळते. अशा गोष्टी केवळ ऐकण्याच्या बैठकीतच सापडतात.

मुद्रित केलेले जसेच्या तसे ठेवावे की कापून जोडावे, हा प्रश्नही लवकर सोडवावा. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅन या रॉक बँडने आपल्या स्टुडिओत तासन्‌तास मोकळे वाजवून, त्या टेपा बासवादक होल्गर चुकाय यांनी कापून-जोडून, १९७० च्या आसपास आपले बरेचसे संगीत घडवले. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ऑगस्ट १९६९ मधल्या वादनावर निर्माता टिओ मॅसेरो यांनी असेच टेपकाम केले. इंग्लिश गिटारवादक डेरेक बेली यांच्या परंपरेतले लोक मात्र वादन घडले त्या क्रमानेच ऐकवणे पसंत करतात. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण कापलेले असेल तर तसे सांगावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वाद्यांवर वेगळे लक्ष द्यावे लागते. दमट हवेने सॅक्सोफोनचे पॅड फुगतात आणि चिकटतात, गिटारच्या मानेचा बाक बदलतो, तबल्याची पुडी सैल पडते, जॅक आणि पेडलांचे स्विच खरखरू लागतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वाळवून पुन्हा वापराव्यात. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा काँटॅक्ट क्लीनरचा डबा बँडच्या पिशवीत कायम असावा. भिजलेली केस बंद करून घरी ठेवू नये.

कार्यक्रम कुठे करावा

या शहरात जागा येतात आणि जातात. धोबीतलावजवळच्या रंगभवनात १९७८ मध्ये पहिली जॅझ यात्रा भरली, तिथेच इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाची गर्दी जमायची, आणि जवळच्या रुग्णालयांमुळे व महाविद्यालयामुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाल्यावर ते मोठे कार्यक्रम थांबले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. म्हणून एखाद्या प्रसिद्ध क्लबची वाट पाहत बसू नये. शिवाय जेवण आणि पेये विकून चालणाऱ्या जागेला गप्पा हव्या असतात, आणि या संगीतातल्या शांत जागा गप्पांत बुडून जातात.

छोटी नाट्यगृहे आणि तालमीची सभागृहे शोधावीत. लंडनमध्ये १९६६ पासून स्टीव्हन्स आणि त्यांचे सोबती लिटल थिएटर क्लबमध्ये नाटकाचा प्रयोग संपल्यावर रात्री वाजवत, आणि तिथेच तिथल्या मुक्त वादनाची एक पिढी तयार झाली. मराठी माणसाला हे नवे वाटू नये: दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांना जे घर मिळाले, ते कमी भाडे, मोजक्या खुर्च्या आणि लक्ष देऊन पाहणारे प्रेक्षक एवढ्याच भांडवलावर. वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या बंगल्यांत आणि शहरातल्या नाट्यसंस्थांच्या तालमीच्या खोल्यांत आजही पन्नास माणसे बसतील अशा जागा आहेत. नाटकवाल्यांशी मैत्री करावी. त्यांचा प्रेक्षक शांत बसायला शिकलेला असतो.

जागा ठरवताना परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तिकीट लावता येते का, हे लेखी विचारून घ्यावे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाहीत. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहणार असेल, तर त्याला अपवाद आहे. निवासी भागासाठी ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि ती ड्रमकिट सहज ओलांडते. त्यामुळे गच्चीवरचा कार्यक्रम कितीही मोहक वाटला तरी साडेसातला सुरू करून नऊला संपवावा.

चाळीस मिनिटांचा एक सलग सेट नव्या श्रोत्याला पुरतो; मध्यंतरानंतर वीस मिनिटांचे दोन छोटे तुकडे वाजवता येतात, आणि त्यांत जोड्या ठेवाव्यात. साउंड इंजिनिअरशी आधी बोलणे अत्यंत आवश्यक आहे. त्याची सवय सोलो आला की फेडर, म्हणजे त्या वाद्याच्या आवाजाची सरकपट्टी, वर करण्याची असते, आणि इथे सोलो कोणाचा हे त्याला कळणार नाही, त्यामुळे तो अंदाज करील आणि बँडने खोलीत साधलेला समतोल बिघडेल. त्याला स्पष्ट सांगावे की साउंडचेकला जी पातळी लागली ती शेवटपर्यंत हलवायची नाही, मध्येच पूर्ण शांतता आली तर ती बिघाड नाही, आणि फीडबॅक मुद्दाम असेल. श्रोत्यांना सुरुवातीला दोनच वाक्ये सांगावीत: आधी काहीही ठरलेले नाही, आणि संपेपर्यंत टाळ्या रोखाव्यात. त्यापलीकडे व्याख्यान देऊ नये.

पैसा आणि हक्क

खोलीचे भाडे सर्वांत समान विभागावे, वाद्याच्या आकारावरून वाद घालू नये. कार्यक्रमाचे उत्पन्न आधी एका सामायिक निधीत जावे, त्यातून पुढच्या महिन्याचे भाडे बाजूला काढावे आणि उरेल ते समान वाटावे. ड्रमवादकाला टॅक्सी लागते, तिचे पैसे मात्र निधीतून द्यावेत.

आधी न रचलेल्या संगीताचा हक्क कोणाचा, हा प्रश्न पहिल्या प्रकाशनाआधी लिहून सोडवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर संगीतकृती कागदावर लिहिलेली असण्याची अट राहिलेली नाही, त्यामुळे मुक्त वादनातून घडलेल्या कृतीलाही संरक्षण मिळू शकते. वाजवणाऱ्या सर्वांना सहकर्ते मानावे आणि वाटा समान ठेवावा, त्या तुकड्यात कोण किती वाजले हे मोजू नये. याचे एक सुंदर उदाहरण रॉकमध्येच आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कार्यक्रमात किंग क्रिम्झन या इंग्लिश बँडचे तिघे एक शांत मुक्त तुकडा वाजवत होते आणि ड्रमवादक बिल ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून, एकही आघात न करता बसून राहिले; तो तुकडा प्रसिद्ध झाला तेव्हा रचनाकारांत त्यांचेही नाव घातले गेले, कारण त्यांचे न वाजवणे हा त्या संगीताचा भाग होता. बँडच्या करारात हेच तत्त्व एका ओळीत लिहून सर्वांनी सही करावी. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, म्हणजे खर्च करणारी एक व्यक्ती की सर्व जण मिळून, हे त्याच कागदावर यावे, कारण कायद्यात तो हक्क संगीतकृतीच्या हक्काहून वेगळा आहे. संगीतकार म्हणून आयपीआरएस या रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व प्रत्येकाने स्वतंत्रपणे घ्यावे.

प्रकाशन स्वतःच करावे. लंडनमध्ये डेरेक बेली, इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्स्ली यांनी १९७० मध्ये इन्कस हे वादकांच्याच मालकीचे लेबल सुरू केले ते याच गरजेतून, आणि आता तर बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा देऊन कोणालाही आपले संगीत विकता येते. वर्षभराच्या मुद्रणांतून पाऊण तासाहून अधिक काही निवडू नये. निवड करताना प्रत्येक वादकाला एका तुकड्यावर नकाराधिकार द्यावा आणि त्याचे कारण विचारू नये. तुकड्यांना नावे सुचत नसतील तर वाजवल्याची तारीख हेच नाव पुरेसे आहे. सोबत जागा, वादक, वाद्ये, मुद्रण कोणी केले आणि कुठे कापले आहे का, एवढी माहिती छापावी.